दुसरी डिस्क आधी

डीव्हीडीचा संच हातात आला की माणसं मूळ सिनेमा बघतात, आणि ‘स्पेशल फीचर्स’ नावाच्या मेनूकडे ‘बघू कधीतरी’ म्हणून पाठ फिरवतात. माझं बरोबर उलटं आहे. मी आधी दुसरी डिस्क लावतो. माझा रूममेट याला विकृती म्हणतो. त्याच्या मते हे म्हणजे लग्नाला जाऊन जेवण सोडून आचाऱ्याशी गप्पा मारत बसण्यासारखं आहे. असेल बुवा. पण आचाऱ्याकडे कधीकधी जेवणापेक्षा भारी माल असतो, आणि आज त्याबद्दलच लिहायचंय.

इंग्लंडात ऑनसाइट असताना शनिवारी करण्यासारखं फारसं काही नसायचं. त्या चिमुकल्या गावात चार-पाच चॅरिटी शॉप होती आणि लोक आपापल्या डीव्हीडी तिथे आणून टाकत होते, कारण ‘आता सगळं स्ट्रीमिंगवर असतं’. तिथून मी ‘डॉक्टर हू’च्या जुन्या, म्हणजे १९६३ ते १९८९ मधल्या गोष्टी एक-दोन पाउंडांना उचलत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : निळ्या पोलीस बॉक्समध्ये बसून काळात आणि अवकाशात भटकणारा एक माणूस, अशी ही बीबीसीची मालिका. पुठ्ठ्याच्या भिंती, रबराचे राक्षस. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला. परत येताना बॅगेत कपडे कमी आणि डिस्क जास्त होत्या. लॅपटॉपला ड्राइव्ह नसल्यामुळे बाहेरून जोडायचा एक घ्यावा लागला, तो खर्च वेगळा.

आता खरं सांगायचं तर बोनस फीचर्समध्ये भरताड भरपूर असतं. संगीत लावून सरकवलेले फोटो. ‘आमचं सगळ्यांचं अगदी कुटुंबच होतं’ असं सांगणारे नट (हे वाक्य बहुतेक करारातच असावं). पण त्यातच अधूनमधून एखादा माणूस येतो, जो कधी पडद्यावर दिसलेला नसतो, आणि तो जे सांगायला लागतो त्यानंतर चहा गार होतो.

आधी पार्श्वभूमी. साठच्या दशकात व्हिडिओ टेप महाग होती. कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांची बंधनं होती आणि घरी कॅसेट विकत घेऊन कोणी मालिका बघेल ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे एकदा दाखवून झालं, परदेशी विकून झालं, की टेप पुसायची आणि वापरायची पुढच्या कार्यक्रमाला. १९७८ पर्यंत हे चाललं. पहिल्या सहा वर्षांतले २५३ भाग; २०१३ साली नायजेरियात सापडलेले ९ भाग जाहीर झाले, त्यानंतरही ९७ बेपत्ताच होते. जे वाचलं त्यातलं बरंचसं वाचलं ते परदेशी विक्रीसाठी काढलेल्या १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर. म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि शूट करायचं. आपण स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढतो तसंच.

गंमत म्हणजे आवाज मात्र एकूणएक भागांचा आहे. कारण तेव्हाची काही पोरं घरच्या टीव्हीजवळ टेप रेकॉर्डर लावून बसली होती. ‘द इन्व्हेजन’ ही १९६८ ची आठ भागांची गोष्ट. तिचे पहिला आणि चौथा असे दोन भाग नाहीत. २००६ च्या डीव्हीडीवर त्या दोन भागांचं अ‍ॅनिमेशन करून घातलंय, आणि त्याखाली वाजतोय तो त्या पोरांनी घरी टिपलेला आवाज. बीबीसीच्या तिजोरीत जे नव्हतं, ते कुणाच्या तरी माळ्यावर होतं.

पण मला वेड लावलं ते रंगाच्या गोष्टीने. १९७० पासून मालिका रंगीत झाली, तरी त्या काळातले काही भाग उरले ते फक्त कृष्णधवल फिल्मवर. रंग गेला तो गेला, असंच सगळे धरून चालले होते. मग बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांच्या लक्षात आलं, की या फिल्मवर जवळून पाहिलं तर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. इथे थोडं टेक्निकल होतं, सांभाळून घ्या. पाल पद्धतीच्या सिग्नलमध्ये उजेड-अंधाराची माहिती असते, आणि तिच्यावरच साधारण ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर रंगाची माहिती स्वार झालेली असते. फिल्म काढताना ही रंगाची लहर गाळून टाकायची, नाहीतर कृष्णधवल चित्रावर ठिपके उमटतात. काही वेळा ती गाळलीच गेली नाही. ठिपके उमटले, आणि फिल्मवर छापले गेले. म्हणजे जो कचरा म्हणून तीस-पस्तीस वर्षं दुर्लक्षित राहिला, तोच रंग होता! फक्त डिकोड करायचा बाकी होता.

ते सॉफ्टवेअर लिहिलं रिचर्ड रसेल यांनी. हेच ते बीबीसी बेसिकवाले रसेल. काम सोपं नव्हतं. मॉनिटरचा पडदा फुगीर, त्यामुळे आधी चित्र कणाकणाने सरळ करायचं. शिवाय रंगाची लहर कुठून मोजायची याचा जो संदर्भ सिग्नलमध्ये असतो, तो दिसणाऱ्या चित्राच्या बाहेर असतो, त्यामुळे फिल्मवर येतच नाही. मग प्रत्येक जागी चार शक्यतांमधली कुठली खरी, हे ठरवत बसायचं. १९७३ च्या ‘प्लॅनेट ऑफ द डालेक्स’चा तिसरा भाग २००९ च्या डीव्हीडीवर असा रंगीत झाला, त्यात हे तंत्र आणि संगणकावर भरलेले रंग यांची सांगड घातली होती. रंग कसा परत आणला यावर त्याच संचात एक छोटा माहितीपट आहे. मी तो तीनदा पाहिलाय, प्रत्यक्ष गोष्ट एकदा.

यातला सगळ्यात बोचरा नमुना म्हणजे ‘द माइंड ऑफ ईव्हिल’, १९७१ ची गोष्ट, डीव्हीडी २०१३ ची. सहापैकी पाच भागांत ठिपके सापडले. पहिल्या भागात नाहीत. कारण त्या दिवशी कुणीतरी नियमाप्रमाणे चोख काम केलं होतं आणि रंगाची लहर व्यवस्थित गाळली होती. मग स्टुअर्ट हम्फ्रीज नावाच्या कलाकाराने त्या भागाच्या हजारो फ्रेम हाताने रंगवल्या. एका माणसाच्या चोख कामाची भरपाई दुसऱ्याने कित्येक महिने बसून केली.

हे बघताना मी नुसता प्रेक्षक राहू शकत नाही, कारण सध्या ऑफिसमध्ये माझ्याकडे जुना डेटा उडवायचंच काम आहे. क्लायंटच्या स्टोरेजचं बिल वाढतंय, म्हणून एक एक्सेल शीट बनलीय. चारशेच्या वर ओळी आणि प्रत्येकीपुढे ‘ठेवा’ किंवा ‘उडवा’. बीबीसीतल्या त्या माणसासमोर अशीच यादी असणार. त्याला खलनायक करणं फार सोपं आहे, आणि चाहत्यांनी ते भरपूर केलंय. मला ते जमत नाही. टेप महाग होती, जागा नव्हती, आणि ‘पुढे कुणाला तरी लागेल’ हे कारण कुठल्याही मीटिंगमध्ये टिकत नाही. मी स्वतः ते मांडून बघितलंय. मॅनेजर म्हणाले, “अरे, कुणाला लागेल ते नाव सांग.” नाव कुठून सांगणार? शेवटी एवढंच पदरात पडलं की उडवायच्या प्रत्येक टेबलाची रचना आणि एक छोटा नमुना मागे ठेवायचा. कुणाला त्यात ठिपके सापडले तर सापडले.

आणि ‘सगळं स्ट्रीमिंगवर असतं’ म्हणणाऱ्यांसाठी : नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने आपल्या आयप्लेअरवर मालिकेचे आठशेहून जास्त भाग टाकले. त्यात नव्हती ती नेमकी पहिलीच गोष्ट, ‘अ‍ॅन अनअर्थली चाइल्ड’. लेखकाच्या वारसाशी हक्कांचा वाद. माझ्याकडे ती आहे, २००६ च्या ‘द बिगिनिंग’ संचात, चॅरिटी शॉपचा स्टिकर अजून निघत नाहीये.

तो संच म्हणजे माझ्या पेटीतला हिरा. त्यात कधीच प्रक्षेपित न झालेला पायलट आहे, स्टुडिओत रेकॉर्ड झाला तसा, न कापता. यानाचे दरवाजे बंदच होत नाहीत, धाडधाड आपटताहेत आणि नट बिचारे संवाद म्हणताहेत. वरच्या साहेबांनी तो नापास केला आणि पुन्हा शूट करायला लावला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा २७ वर्षांची. दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचे, जन्म लखनौचा, आई लेखिका अतिया हुसेन. माझ्या टीममध्ये २४ वर्षांच्या मुलाला प्रॉडक्शनचा पासवर्डसुद्धा मिळत नाही! संचातल्या कॉमेंटरीत दोघंही आहेत. चाळीसेक वर्षांनी ते दरवाजे बघताना त्यांच्या आवाजात जे काही येतं, ते ऐकण्यासारखं आहे. लॅम्बर्ट २००७ च्या नोव्हेंबरमध्ये गेल्या, म्हणजे रेकॉर्डिंग थोडक्यात साधलं.

हुसेन यांची पुढची गोष्ट ‘मार्को पोलो’, सात भागांची, १९६४ ची. तिची एक फ्रेमही उरली नव्हती. पण जॉन क्युरा नावाचे एक गृहस्थ तेव्हा टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून दिग्दर्शकांना विकत असत. आपलं काम पुन्हा बघायचा दुसरा मार्गच नव्हता. हुसेन यांनी ते विकत घेतले आणि जपून ठेवले. सातपैकी सहा भागांचे आहेत. चौथा भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता, त्याचे नाहीत. या संचात सातही भागांची मिळून तीस मिनिटांची एक आवृत्ती बोनस म्हणून दिलीय, स्थिरचित्रं आणि घरी टिपलेला आवाज. गेल्या रविवारी रूममेटला ती लावून दाखवली. आधी मोबाइल बघत होता. नंतर म्हणाला, “याचा चौथा भाग कसा होता रे?”