गोळी सुटली का?

लासूर स्टेशनात माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना माझ्या थायरॉइडची सगळी खबर असते. माप देता देता विचारतात, "वहिनी, आयुर्वेदिक चालू केलं ना तुम्ही? मग गोळी सुटली का?" गोळी सुटलेली नाही. तरीही आज मी जेवढी बरी आहे तेवढी मधल्या काही वर्षांत नव्हते, आणि त्यात वैद्यबाईंचा वाटा मोठा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे उभ्या उभ्या, खांद्यावर टेप टाकून सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

हा आजार मला पहिल्यांदा दिसला तो कात्रीत. कापड बेतायची माझी कात्री जुनी, लोखंडी. तिच्या कड्यात अंगठा सहज जायचा. त्या हिवाळ्यात तो अडकू लागला. काढला की कड्याचा गोल वळ कातडीवर कितीतरी वेळ राहायचा. रात्री दोन्ही हातांना मुंग्या येऊन जाग यायची आणि मी अंथरुणात बसून हात झटकत राहायचे. सगळ्यांनी ते मशीनवर ढकललं. शिवणकाम करणाऱ्या बाईचे हात भरून येणारच, असं म्हणून विषय संपायचा. पण पुढे आवाज घोगरा झाला. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या. खाणं वाढलं नव्हतं तरी वजन वाढत होतं, पोट साफ होत नव्हतं. मार्चच्या उन्हातही मला अंगावर शाल लागायची. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळे मिटायचे.

याला घरात, शेजारात एकच नाव होतं, आळस. बाईमाणूस थकलं की हा शब्द लगेच तयार असतो, आणि त्याची मला अजूनही चीड येते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार कितीतरी पटींनी जास्त. बाळंतपणानंतर किंवा चाळिशीच्या आसपास तो हळूच शिरतो. त्या वयातल्या थकव्याला आपल्याकडे कोणी आजार म्हणतच नाही.

शेवटी गाडीत बसले आणि संभाजीनगरला एका फिजिशियनांकडे गेले. त्यांनी गळा चाचपला, पाणी प्यायला लावून घोट गिळताना गळ्याकडे पाहिलं. मग मला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत जागेवर यायला रेंगाळलं. "बघा, हा आळस नाही," डॉक्टर म्हणाले. घोट्याला कोणी आळस शिकवत नाही, हे मला तिथेच पटलं. रिपोर्टमध्ये टीएसएच ३८ आला. साधारण अर्धा ते पाच असायला हवा. टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तयार करते. थायरॉइड मंदावली की तिला कामाला लावण्यासाठी तो वाढत जातो, म्हणून आकडा मोठा तेवढं गळ्यातलं काम कमी. अँटिबॉडीही सापडल्या. शरीराचंच संरक्षक दल स्वतःच्या ग्रंथीवर उलटतं, तो हा प्रकार. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्याचं पहिलं वर्णन केलं, म्हणून तेच नाव पडलं.

लिव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तासांनी, कारण त्या हिला पोटात शोषूच देत नाहीत. हे औषध रक्तात सावकाश साठतं, म्हणून डोस बदलला की पुन्हा तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्रे तापतात. बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवरून उचलून मी आतल्या खोलीत, दोऱ्यांच्या डब्याशेजारी ठेवली.

डोस बसला, टीएसएच तीनच्या आत आला, आवाज सुटला, हाताच्या मुंग्या गेल्या. पण पोट जड ते जडच. वजन उतरेना, सकाळी अंग उचलत नव्हतं. रिपोर्ट चांगला आहे हे ऐकून मी परत यायचे आणि माझं मलाच कळत नसायचं की मग उरलंय काय. त्याच सुमारास तीन महिन्यांत गोळी बंद करून थायरॉइड मुळासकट काढतो म्हणणाऱ्या एकाची ख्याती कानावर आली. बिननावाची पुडी, आत काय ते सांगायचं नाही. मी ती घेतली नाही. ज्याच्यावर नाव नाही, ते आपल्या यकृतात कशाला घालायचं?

गेले ते रीतसर पदवी घेतलेल्या वैद्यबाईंकडे. त्यांनी नाडी नंतर बघितली, आधी फाइल मागितली. पानं उलटून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, एक आधीच सांगते. गोळी मी बंद करणार नाही. तुम्ही करायची नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही." मग माझ्या धंद्यातलंच उदाहरण दिलं. रिळातला दोराच संपला तर मशीनला कितीही तेल घाला, टाका पडत नाही. पण मशीन गंजलं असेल तर नुसतं नवीन रीळ लावूनही शिवण धड येत नाही. गोळी म्हणजे दोरा. गंज काढायचं काम आपण दोघींनी करायचं.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचं वर्णन आहे, हे त्यांनीच सांगितलं. पण तो गळ्यावर दिसणाऱ्या सुजेचा विचार आहे, रक्तातल्या आकड्याचा नाही, हेही सांगितलं. माझ्या बाबतीत त्यांचं निदान अग्निमांद्याचं आणि वाढलेल्या कफ-मेदाचं होतं. औषध दिलं कांचनार गुग्गुळ. शारंगधरसंहितेतला हा योग. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्णा, वेलदोडा, दालचिनी, तमालपत्र आणि या सगळ्यांना बांधणारा गुग्गुळ. तो दुपारच्या जेवणानंतर घ्यायचा, म्हणजे सकाळच्या गोळीपासून लांब. सोबत सुंठीचं कोमट पाणी आणि काही दिवस अंगाला कोरडं उटणं चोळायचं, त्याला उद्वर्तन म्हणतात.

औषधापेक्षा पथ्य कठीण होतं. दुपारची झोप बंद. शिवणाऱ्या बाईला जेवणानंतरची डुलकी म्हणजे हक्काची वस्तू. ती सोडताना मी पहिले काही दिवस अक्षरशः रडकुंडीला आले. रात्रीचं दही बंद, ताक दुपारी, जिरं घालून. रात्रीचं जेवण दिवेलागणीला, ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण. घरातले नऊला जेवतात, मी सातला. त्यावरून कुरकुर झाली, पण सासूबाईच मध्ये पडल्या आणि सुनेचं ताट आधी वाढा म्हणाल्या. आणि रोजचं चालणं. मार्केट यार्डाच्या बाजूला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागायच्या आत मी बाहेर पडते आणि लासूरगावच्या दाक्षायणी देवीच्या वाटेने झपाझप जाऊन येते. घाम यायला हवा, ही वैद्यबाईंची अट. गोळी घेऊन निघायचं आणि परतल्यावर चहा, म्हणजे तो मधला तासही आपोआप पाळला जातो.

पोट पहिल्यांदा सुधारलं. मग झोप. वजन सगळ्यात शेवटी, आणि थोडंच, पण माझे स्वतःचे ब्लाउज मी बाजूने आत घेतले. श्रेय मी दिनचर्येला देते, औषधाच्या डबीला त्याहून कमी. हे वैद्यबाईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या.

मिठावरून मात्र आमचं बराच वेळ बोलणं झालं. हल्ली आयुर्वेदाच्या नावाने घरोघरी साधं मीठ काढून सैंधव आणतात. मीही विचारलं. त्या म्हणाल्या, सैंधव उपासाला ठीक, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्तच ठेवा. घरात लेकरं आहेत. खाण्याच्या मिठात आयोडीन असायलाच हवं असा देशभर नियम २००६ पासून आहे, आणि तो का झाला हे डोंगराळ मुलखातल्या गलगंडाच्या गावांना विचारावं. मात्र जास्त आयोडीन खाऊन माझा आजार बरा होणार नाही, उलट बिघडू शकतो. बाजरीचंही तसंच. बाजरीत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात, हे संशोधनात दिसलं आहे. पण मीठ नीट असेल आणि ताटात इतरही काही असेल, तर हिवाळ्यातली चार दिवसांची भाकरी सोडायचं कारण नाही. कोबी, फ्लॉवर शिजवून खाते.

अश्वगंधाही मी मागितली होती. २०१८ साली एक अभ्यास छापून आला, थायरॉइड किंचित मंद असलेल्या पन्नास जणांचा, आठ आठवड्यांचा. त्यात अश्वगंधा घेणाऱ्यांचा टीएसएच सुधारला. वैद्यबाईंनी तरीही नकार दिला. तुमची गोळी चालू आहे, वरून हिने हार्मोन आणखी ढकललं तर छातीत धडधड सुरू होईल, म्हणाल्या. काही लोकांच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. माझा विश्वास बसला तो याच नकारांमुळे.

यंदा माझ्या भाचीला दिवस गेले. तिलाही हाच आजार. सासरी ठरलं की गर्भारपणात इंग्रजी गोळी नको, मावशीच्या वैद्यांचं काहीतरी सौम्य द्या. मी तिला आणि तिच्या सासूबाईंना दोघींना घेऊन गेले. वैद्यबाईंनी त्यांना समजावलं, की पहिले तीन महिने पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. गोळी बंद केली तर उपाशी बाळ राहील. उलट या दिवसांत बहुतेकींचा डोस पाव हिश्शाने तरी वाढवावा लागतो. "आमच्याकडचा गुग्गुळ मात्र आता हिला अजिबात नाही," असं म्हणून त्यांनी स्वतःच संभाजीनगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. डोस त्याच आठवड्यात वाढला. आता दर चार आठवड्यांनी तपासणी असते, आणि तिच्यासोबत गाडीने तिच्या सासूबाईच जातात.