कापयोंगच्या डोंगरातला 'पतीत' फ्रान्स

दक्षिण कोरियात, सोलपासून दीडेक तासावर, 'पेटिट फ्रान्स' नावाचे गाव आहे. पिढ्यान्पिढ्या राहणारे तिथे कोणी नाही. 2008 मध्ये पर्यटकांसाठी डोंगरउतारावर बांधलेली ही फ्रेंच वसाहत. खाली चोंगप्योंगचा तलाव. एका कोर्सच्या निमित्ताने मी त्या देशात होतो आणि रविवारी आम्हा परदेशी अधिकाऱ्यांची सहल तिथे निघाली. बस नऊची, म्हणजे फौजी हिशोबाने पावणेनऊला सगळे फॉल इन!

आमच्यात एक फ्रेंच मेजरही होता. त्या नावाचा खरा उच्चार 'पतीत' असा होतो, हे त्यानेच सांगितले. मराठीत त्याचा अर्थ काय, हे मी सांगितल्यावर गडी पोट धरून हसला.

गाव बघून मात्र तो गप्प झाला. रंगीत घरे, जागोजागी कोंबड्यांचे पुतळे, म्युझिक बॉक्सचे दालन, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ आणि सगळीकडे तो गळ्यात मफलर घातलेला 'छोटा राजकुमार'. त्याचा लेखक सँतेक्झुपेरी हा आपल्याच जातकुळीतला. 31 जुलै 1944 रोजी टेहळणीच्या उड्डाणावर गेलेला हा वैमानिक परत आलाच नाही. खाली पोरेटोरे त्याच्या राजकुमारासोबत सेल्फी काढत होती.

"हा आमचा फ्रान्स नाही," मेजर म्हणाला. मग पलीकडच्या डोंगराकडे हात करून म्हणाला, "आमचा फ्रान्स तिकडे आला होता."

शेजारच्याच तालुक्यात चिप्योंग-नी आहे. फेब्रुवारी 1951 मध्ये तिथे फ्रेंच बटालियन अमेरिकनांबरोबर चिनी वेढ्यात लढली. तिचा कमांडर मोंक्लार मूळचा लेफ्टनंट जनरल. बटालियनची कमांड मिळावी म्हणून त्याने स्वतःहून लेफ्टनंट कर्नलचे बिल्ले लावले. बढतीच्या बोर्डाची वाट पाहणाऱ्या आम्हा मंडळींनी ही गोष्ट अंमळ शांततेतच ऐकली.

मग माझी पाळी. पेटिट फ्रान्स ज्या गाप्योंग परगण्यात आहे, तेच मिलिटरी हिस्टरीतले 'कापयोंग'. एप्रिल 1951 मध्ये चिन्यांची मोठी चढाई इथे ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन पलटणींनी रोखली. त्यांच्या ब्रिगेडसोबत आपली 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स होती. कमांडर लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, पुढे महावीर चक्र. त्याच्या महिनाभर आधी, 23 मार्चला, ते मोजके सहकारी घेऊन अमेरिकन छत्रीधारींबरोबर मुन्सान-नीला उतरले होते. नोव्हेंबर 1950 मध्ये कोरियात आलेले हे युनिट तीन वर्षांहून जास्त काळ तिथे राहिले. भारताने लढाऊ पलटण पाठवली नाही. पाठवले ते डॉक्टर आणि स्ट्रेचर उचलणारे जवान.

आमची गाईड पंचविशीतली मुलगी. कॅनडा, ऑस्ट्रेलिया तिला माहीत होते. "इंडिया पण?" असे तिने दोनदा विचारले. मनाला लागले, खोटे कशाला बोलू? पण तिला काय म्हणून दोष द्यायचा? दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये 2021 पासून भारत-कोरिया मैत्री उद्यान आहे, तिथे या युनिटची माहिती आहे. पण आपल्यातले कितीजण तिथे थांबतात?

आणि जरा विचार केला तर तिचे न जाणणे हीसुद्धा एक कमाईच आहे. ज्या डोंगरांतून जखमी खाली आणले जात होते, तिथे आज लोक तिकीट काढून फ्रान्स फ्रान्स खेळतात. आघाडीवर उभ्या असलेल्या सैनिकाला याहून जास्त काय हवे असते? मागे राहिलेल्यांनी निवांत रविवार घालवावा, एवढेच. मेजरला मी हे बोललो. तो म्हणाला, "निवांत घालवावा, पण एखाद्याने तरी नाव काढावे."

त्याचे म्हणणे मला पटले. हल्ली आपल्याकडची मंडळी सहलीला कोरियाला खूप जातात आणि नामी बेटासोबत पेटिट फ्रान्सही कार्यक्रमात असते. गेलात तर फोटो जरूर काढा. तळ्याकडे बघत मुलांना पाच मिनिटे रंगराज आणि त्यांच्या स्ट्रेचरवाल्यांची गोष्टही सांगा. नकली गावात ही एक खरी गोष्ट.

जय हिंद!