सध्या काय वाचता आहात, फादर?

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी बिद्रीस जाण्याचा आमचा परिपाठ आहे. कोल्हापूर-गारगोटी मार्गावरचे हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे दूरवर ठाऊक झालेले. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या वाहनांची रांग रस्त्याच्या कडेला लागते आणि मळीचा आंबूस-गोड वास थेट घराघरांत शिरतो. येथे आपली ख्रिस्ती कुटुंबे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. चर्च नाही. कोणाच्या तरी सोप्यात टेबलावर पांढरे वस्त्र अंथरावे, पवित्र मिस्सा अर्पण करावी, मग चहा घेता घेता चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलाव्यात आणि अंधार दाटण्यापूर्वी परतीची वाट धरावी, असा हा साधा क्रम आहे.

अशाच एका रविवारी, चहाचा कप हाती असताना, आमची जी फजिती झाली तिची हकीकत वाचकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते. फजितीची हकीकत सांगण्यास धैर्य लागते. पण पापनिवेदन ऐकणाऱ्याने कधीतरी ते करावेही लागते!

शाळा सुरू होण्याच्या सुमारास आम्ही शिक्षणाचे महत्त्व या विषयावर प्रवचन केले होते. दाखला म्हणून डॉ. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’चा उल्लेख केला. १९८७ साली प्रसिद्ध झालेले आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले हे आत्मकथन. लेखक कागलचे आणि बिद्रीही कागल तालुक्यातच, म्हणजे दाखला अगदी घरचा. ‘गरिबीवर मात करून एक मुलगा शिकला, मोठा झाला, तुम्हीही कष्ट करा, तुम्हालाही यश मिळेल,’ असा बोध काढून आम्ही मोकळे झालो. प्रवचन चांगले झाले, असे दोघाचौघांनी सांगितले. आम्हांलाही तसेच वाटले.

दोन महिन्यांनी चहाच्या वेळी घरातला थोरला मुलगा आमच्यापुढे येऊन उभा राहिला. बारावी झालेला, अबोल. त्याला पुढे शिकायचे होते. वडिलांचे म्हणणे, आहे त्या दहा-वीस गुंठ्यांत राबावे आणि हंगामात कारखान्यावर काम मिळते का ते पाहावे. त्यावरून बापलेकांत बोलणे तुटले होते, हे आम्हांला पुढे समजले. तो म्हणाला, “फादर, ते पुस्तक मी वाचलं. पण तुम्ही म्हणालासा तसं त्यात न्हाई.” आम्ही विचारले, “म्हणजे कसे?” त्याने क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि सरळ विचारले, “तुम्ही खरंच वाचलासा का ते?”

वाचकहो, आम्ही ‘झोंबी’ वाचलेले नव्हते! गुरुविद्यालयात असताना आमच्या एका प्राध्यापकांनी त्या ग्रंथावर तासभर सुंदर व्याख्यान दिले होते. ती टिपणे आम्ही जपून ठेवली होती आणि गेली पंचवीस वर्षे त्यांच्याच बळावर तो ग्रंथ अधूनमधून व्यासपीठावर आणत होतो. खोटे असे काही बोललो नव्हतो. पण जे आपले नाही ते आपले म्हणून वाटले होते. त्या मुलाला आम्ही म्हणालो, “नाही रे बाबा, नाही वाचले.” सोप्यात शांतता पसरली. त्याची आई गडबडीने आत गेली. तो मात्र रागावला नाही. उलट त्याचा चेहरा मोकळा झाला. म्हणाला, “मग वाचा. मग बोलू.”

परतताना वाटेत मनाशी हिशेब मांडू लागलो. अथपासून इतिपर्यंत असे शेवटचे पुस्तक आम्ही केव्हा वाचले होते? रोजचे प्रार्थनापुस्तक, प्रवचनासाठी चाळलेली भाष्ये, वर्तमानपत्रे, परिपत्रके, हे सारे वाचन खरेच. पण ते विहिरीतून गरजेपुरती घागर भरून घेण्यासारखे. पाण्यात उतरणे कधीच थांबले होते. तरुणपणी रात्री दिवे मालवल्यानंतर विजेरीच्या उजेडात कादंबऱ्या वाचणारे आम्ही, पन्नाशीत पोहोचेतो वाचनाच्या बाबतीत दरिद्री झालो होतो. आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण बोलणे तेवढे श्रीमंत राहिले होते.

त्याच आठवड्यात ‘झोंबी’ मिळवले. कोल्हापुरात पुस्तकांची वाण नाही. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर या शहरात आहे. पहिली शंभर पाने जड गेली. आमचे बालपण वसईकडचे. मोटेच्या कामातील नाडा, सोंदूर यांसारखे शब्द आम्हांला अडत. बिद्रीला गेलो की घरातल्या वृद्ध आजोबांना विचारावे आणि त्यांनी हातवारे करून मोट जणू डोळ्यांपुढे चालवून दाखवावी, असे सुरू झाले. इतकी वर्षे आजोबांनी आमचे ऐकले होते. आता आम्ही त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलो.

आणि मुलाचे म्हणणे खरे निघाले. त्या ग्रंथात आमच्या प्रवचनातला सरळ बोध नाही. तेथे शाळेसाठी तळमळणारा मुलगा आहे. त्याला शाळेतून ओढून रानात नेणारा, मारणारा बाप आहे. दुसऱ्याची जमीन कसताना पिचून गेलेले घर आहे. राबणारी, सोसणारी आई आहे. कष्टांचे फळ मिळते हे खरे, पण त्या फळाची किंमत घरातल्या प्रत्येकाने मोजलेली असते. आम्ही केवळ यश पाहिले होते. त्या मुलाने मार पाहिला होता. झोंबी म्हणजे कुस्तीतली झटापट. ती एकट्या गरिबीशी नव्हती, जन्मदात्याशीही होती. आमच्यापुढे उभा राहिलेला मुलगा नेमके हेच सांगू पाहत होता आणि त्याच्या घरातली झोंबी आम्हांला दिसलीच नव्हती!

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ रोजी वाङ्मयाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. ते मूळात भावी धर्मगुरूंच्या घडणीसाठी योजलेले होते. पुढे त्यांनी ते सर्वच ख्रिस्ती जनांसाठी केले. तरुणपणी, १९६४-६५ साली, ते अर्जेंटिनात सांता फे येथील शाळेत साहित्य शिकवीत. नेमलेले जुने महाकाव्य मुलांना रुचेना. त्यांना आधुनिक कवी हवे होते. तेव्हा नेमलेले घरी वाचा आणि वर्गात तुमच्या आवडीचे बोलू, असा मार्ग त्यांनी काढला. वाचन म्हणजे दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकणे, असा त्या पत्राचा भावार्थ. आम्ही ते पत्र आल्या आल्या वाचले होते, त्यावर मानही डोलावली होती. पण त्याचा अर्थ बिद्रीच्या सोप्यात कळला.

संत इग्नेशियस यांची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून ते लोयोलाच्या वाड्यात अंथरुणाला खिळले. त्यांना शूर सरदारांच्या प्रेमकथा हव्या होत्या. घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मनात दोन्ही प्रकारची स्वप्ने येत. पण एकीनंतर मन कोरडे पडे आणि दुसरीनंतर आनंद मागे उरे, हे त्यांच्या ध्यानी आले. पुस्तक मिटल्यावर काय उरते, हीच कसोटी आम्ही अलीकडे लावू लागलो आहोत. ‘झोंबी’ मिटल्यावर सुख उरले नाही. पण समोरच्या माणसाकडे नीट पाहण्याची जाग उरली. तीही कृपाच.

तर, सध्या काय वाचतो आहोत? टेबलावर दोन पुस्तके आहेत. पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र शाळेत धड्यापुरते वाचले होते. पती ख्रिस्ती झाल्यावर झालेली ताटातूट, लोकांची बोलणी, इतके दुःख आणि तरी पानोपानी हसू! रात्री एकट्याने मोठ्याने हसल्यामुळे आमच्या स्वयंपाक्याला काळजी वाटू लागली आहे.

दुसरे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. इंग्लंडात जन्मलेले हे येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे हे पुराण रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. रोज रात्री वीस ओव्या, त्याही मोठ्याने. ओवी डोळ्यांनी वाचायची नसते, हे उशिरा उमजले. ग्रंथाच्या आरंभीचा एक प्रसंग तर आम्हांला विशेष भावला. एक नवा भाविक धर्मगुरूला म्हणतो की, धर्मशिकवण ठीक आहे, पण आम्हांला वाचायला एखादे पुराण असते तर बरे झाले असते. म्हणजे मराठीतील आपल्या या पहिल्या महान ग्रंथाच्या मुळाशी काय आहे? एका वाचकाची तक्रार आणि ती ऐकून घेणारा एक धर्मगुरू!

बिद्रीच्या सोप्यात आता मिस्सेनंतर एक छोटा नियम झाला आहे. चहाबरोबर प्रत्येकाने आपण काय वाचतो आहोत ते सांगायचे. ज्याने वाचले नसेल त्याने ‘नाही वाचले’ म्हणायचे; त्यात कमीपणा नाही. वाचता न येणाऱ्या एक आजी नातवाकडून ऐकलेले सांगतात आणि बहुधा त्यांचेच सांगणे सर्वांत रसाळ असते. त्या थोरल्या मुलाचा प्रश्न सुटला असे मात्र सांगता येत नाही. वडिलांशी आम्ही बोललो. ते ऐकून घेतात, गप्प राहतात. त्यांचीही बाजू आहे, हे आम्हांला ‘झोंबी’नेच शिकवले. मुलगा हल्ली संध्याकाळी आजोबांसाठी ते पुस्तक मोठ्याने वाचतो. वडील दाराबाहेर बसून असतात. गेल्या खेपेस निघताना ते गाडीपर्यंत आमच्याबरोबर आले आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले, “फादर, त्या पोराचं पुढं काय झालं?”

आम्ही सांगितले नाही. म्हणालो, “पुढचे भाग आहेत. ‘नांगरणी’ आहे. त्याला वाचून दाखवायला सांगा.”