सिंहगडचा घाट आणि घरची सायकल

पुण्याहून सिंहगडास सायकलीने जाणाऱ्याची परीक्षा गोळेवाडीपाशी सुरू होते. तोवरचा रस्ता मायाळू आहे. बराच वेळ खडकवासल्याचे पाणी सोबतीस असते. १८७९ साली पुरे झालेले हे धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ फुटले व पुढे पुन्हा बांधले गेले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, गड १,३०० मीटरांच्या घरात. यांतील बहुतेक चढण शेवटच्या घाटातच आहे.

या घाटात गुडघा धरून बसलेली तरणीताठी मंडळी आम्ही पुष्कळदा पाहतो. दोष बहुधा सीटच्या उंचीचा असतो. पायडल अगदी खाली असता त्यावर टाच टेकवावी. पाय सरळ व्हावा, पण कंबर कलू नये. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात किंचित वाक राहतो, तोच हवा. चढ लागण्यापूर्वीच पुढचे लहान व मागचे मोठे चक्र घेऊन गिअर हलका करावा. उतरताना दोन्ही ब्रेक थोडथोडे, सोडून सोडून दाबावेत.

एकत्र कुटुंबात एकच सायकल काका, पुतण्या व वहिनी वापरतात. प्रत्येकाने आपल्या उंचीची खूण सीटच्या दांड्यावर करून ठेवावी. ‘आपल्याला सायकल सोसत नाही’ म्हणून घरी राहिलेल्या कित्येक भगिनींना आजवर दुसऱ्याच्या मापाची सीटच तेवढी मिळालेली असते. ती बोटभर वरखाली करून पाहावी, आणि एखाद्या रविवारी त्यांनाही गडावर न्यावे.