तीन तास वीस मिनिटं

‘खुलासा समाधानकारक नाही.’ त्या फायलीतले हे तीन शब्द वाचून बरीच वर्षं झाली, पण आठवले की अजूनही डोकं तापतं.

कृष्णाकाठचा एक दूध संघ. १६० गावांच्या संस्था, साडेसतरा हजारांच्या आसपास उत्पादक, दिवसातून दोनदा संकलन, दर दहा दिवसांनी बिल. प्रत्येकाच्या प्रत्येक वेळच्या दुधाची एक ओळ : संस्था, उत्पादक, तारीख, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. सहा वर्षांत त्या एका टेबलात सात कोटींच्या घरात ओळी साठल्या होत्या. डेटाबेस मायएसक्यूएलचा. बिल निघायला तीन तास वीस मिनिटं लागत, आणि मध्येच एखाद्या संस्थेची दुरुस्ती आली की पुन्हा पहिल्यापासून. पैसे बँकेत एक दिवस उशिरा पोचत, गावोगाव ओरड होई. त्या ओरडीचं उत्तर म्हणून बिल विभागातल्या ताईंना कारणे दाखवा नोटीस निघाली. काम वेळेवर सुरू करत नाहीत हा ठपका. एक वेतनवाढ रोखली.

मला बोलावलं होतं ते नवा सर्व्हर केवढा घ्यावा हे सांगायला.

ताईंनी पहिल्याच दिवशी ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली. ‘मी दर बिलाची येळ लिहून ठिवते, सर. कधी सुरू केलं, कधी संपलं.’ दोन वर्षांची नोंद होती. सव्वादोन तास, मग दोन तास वीस, मग अडीच, आणि असं करत तीन तास वीसपर्यंत. मध्ये एकदाही उडी नाही, घसरण नाही. जिना चढावा तशी वेळ वाढत गेलेली. माणसाच्या आळसाला असा आकार नसतो. टेबल जितकं वाढतं तितकीच वेळ वाढते, याचा अर्थ मशीन दर वेळी अख्खं टेबल वाचतंय. नोटिशीला उत्तर देताना त्यांनी याच वहीच्या झेरॉक्स जोडल्या होत्या. त्या कुणी उघडून पाहिल्या नाहीत.

क्वेरीच्या आधी ‘एक्स्प्लेन’ लिहून चालवली. इंडेक्स होता! संस्था आणि तारीख या दोन कॉलमांवरचा, अगदी हवा तसा. ‘शक्य असलेल्या’ इंडेक्सांत त्याचं नावही दिसत होतं. पण ‘वापरलेला’ या रकान्यात नल, आणि वाचाव्या लागणाऱ्या ओळींचा अंदाज सात कोटी. एका संस्थेला सव्वा मिनिट, १६० संस्थांना तीन तास वीस. वहीतला आकडा तंतोतंत जुळला. खाली सूचनाही होती की प्रकार बदलावा लागत असल्यामुळे हा इंडेक्स वापरता येत नाही. मशीन स्वतःच कारण सांगत होतं.

संस्थेचा कोड मजकूर म्हणून साठवलेला, ‘०२१४’ असा. क्वेरीत तो अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे २१४ या संख्येसारखा लिहिलेला. लग्नातली आहेराची वही आठवा. माणसं आली त्या क्रमानं नावं. एखाद्याचा आहेर शोधायचा तर सगळी वही चाळावी लागते. म्हणून कुणी मागच्या पानांवर गाव आणि आडनावाप्रमाणे यादी करून ठेवतो, तो इंडेक्स. पण ती यादी अक्षरांच्या क्रमानं लावलेली. तुम्ही विचारता, ‘ज्याची किंमत २१४ होते ते सगळे दाखव.’ ‘०२१४’ची किंमत २१४, ‘२१४’चीही २१४, आधी मोकळी जागा सोडलेल्या ‘ २१४’चीही तीच. हे तीन यादीत तीन ठिकाणी बसतात. मग यादी मिटून वही पहिल्या पानापासून वाचण्याशिवाय मायएसक्यूएलला इलाज नाही. आणि पहिला कॉलमच धरता येईना म्हटल्यावर मागची तारीखही निरुपयोगी. गाव माहीत नसेल तर गावानुसार लावलेल्या यादीत आडनाव कुठं शोधणार?

त्या क्षणी मूळ प्रोग्रॅमरचा मला भयंकर राग आला. दोन अवतरणचिन्हं वाचवली, आणि त्यापायी एका बाईची वेतनवाढ गेली.

टेबलाच्या कॉपीवर चिन्हं घातली. एका संस्थेचं उत्तर सेकंदाच्या आत आलं. १६० संस्था दोन मिनिटांत. मी खुर्चीतून उठलोच. साहेबांना बोलवायला निघालो, तर ताई म्हणाल्या, ‘थांबा सर, बेरजा जुळवू.’ संस्थांकडून आलेले कागद घेऊन बसल्या. अर्ध्या तासानं विचारलं, ‘या गावाचं संध्याकाळचं दूध कुठं गेलं?’

गेलं नव्हतं. त्या गावात संध्याकाळचं संकलन दुसऱ्या केंद्रावर व्हायचं. तिथलं मशीन वेगळं, ते कोड ‘२१४’ असा पाठवायचं, पुढचं शून्य न लावता. अशी आणखी चार गावं निघाली. संख्या म्हणून तुलना केली तर दोन्ही रूपं जुळत होती, मजकूर म्हणून केली तर एकच. म्हणजे आधीच्या माणसानं चिन्हं आळसानं गाळली नव्हती. टेबल लहान असताना त्यालाही हेच हरवलेलं दूध दिसलं असणार, आणि चिन्हं काढल्याबरोबर बेरीज जुळली असणार. माझं बिल तसंच पुढं गेलं असतं तर पाच गावच्या लोकांना एका वेळच्या दुधाचे पैसे मिळाले नसते. त्याची क्वेरी मंद होती पण बरोबर होती. माझी वेगवान आणि चूक.

राग निम्मा तिथंच ओसरला. निम्मा राहिला, कारण त्यानं ही गोष्ट कुठंही एका ओळीत लिहून ठेवली नाही.

मग सगळे कोड चार अंकी केले. रात्री, संकलन बंद असताना, दहा दहा हजार ओळींच्या तुकड्यांत. नोंद होते तिथंच शून्य लावायची सोय केली. त्यानंतर चिन्हं. सर्व्हर तोच राहिला.

क्वेरी मंद झाली की नवा सर्व्हर मागणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं : आधी एक्स्प्लेन वाचा. इंडेक्स आहे का एवढं पाहून भागत नाही, तो वापरला जातोय का ते पाहा. तारखेच्या कॉलमला वर्ष काढायच्या फंक्शनमध्ये गुंडाळलं तरी असंच होतं. त्यापेक्षा एक जानेवारीपासून पुढच्या एक जानेवारीच्या आतलं मागावं. आणि दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स लावू नका. प्रत्येक नवी ओळ टाकताना तितक्या याद्यांत नोंद करावी लागते, आणि सकाळी सहा ते आठ १६० गावांचं दूध एकदम येत असतं. बायर आणि मॅक्क्राइट यांनी १९७० साली बोइंगमध्ये असताना मांडलेली बी-ट्री सात कोटी ओळींतून तीन-चार पायऱ्यांत हव्या त्या पानावर नेते, हे मला आजही नवल वाटतं. पण ते झाड आपल्या प्रश्नाला लागू पडायला प्रश्न नीट विचारावा लागतो.

साहेबांना मी दोन पानी अहवाल दिला, मराठीत. उशीर कशामुळे होत होता, बिल विभागाचा त्यात दोष कसा नव्हता, आणि बेरजेतली चूक ताईंनी कशी पकडली. सोबत वहीच्या झेरॉक्स. नोटीस मागे घ्यावी असंही लिहिलं. त्यांनी वरवर नजर फिरवली आणि म्हणाले, ‘झालं ना आता काम? जुनं कशाला उकरायचं?’ मी पुन्हा बोललो. ‘ते आस्थापनेचं आहे, तुमचं नाही,’ म्हणाले. मी गप्प बसलो. बसायला नको होतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कामानिमित्त गेलो. ताई तिथंच होत्या, वहीही चालू होती. शेवटची ओळ वाचली : सुरू दहा पाच, संपलं दहा सात. वेतनवाढीचं विचारलं.

‘बघू म्हणालेत,’ त्या म्हणाल्या, आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवली.