रुंदी आधी, उंची शेवटी

आमच्या घरी ऑस्कर आले ते शेजाऱ्यांच्या बदलीमुळे. त्यांचं बिऱ्हाड बंगळुरूला निघालं आणि दोन मासे, तीन फुटी टँक, फिल्टर असा सगळा संसार आमच्या ठाण्याच्या हॉलमध्ये आला. ऑस्कर दुकानात मिळतो तेव्हा दोन-अडीच इंचांचा असतो. पहिल्या वर्षात महिन्याला साधारण इंचभर वाढतो, पुढे फुटाच्या आसपास जातो, आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. आमच्याकडचे दोघे जवळजवळ पूर्ण वाढलेले होते. त्या टँकची रुंदी, म्हणजे पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंतचं अंतर, होती पंधरा इंच. फूटभर लांबीचा मासा पंधरा इंचांत कसा वळतो ते मी रोज संध्याकाळी बघायचे. आधी तो थांबतो. मग अंग आखडून घेतो, पुढे-मागे थोडं सरकतो आणि शेपटी मागच्या काचेला घासत तोंड फिरवतो. पोहणारा प्राणी वळायच्या आधी थांबतो, हे मला बघवत नव्हतं. नवा टँक करून घ्यायचा ते याच एका गोष्टीवरून ठरलं, आणि पुढे प्रत्येक मापाच्या वेळी मी याच गोष्टीकडे परत येत राहिले.

घरात टँकचा विषय निघाला की सगळे आधी भिंत मोजतात. आमची मोकळी भिंत साडेसात फुटांची. नात्यातल्या एका इंटिरिअरवाल्यांनी चित्रच काढून दिलं: पाच फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. दारातून आत आलेल्या माणसासमोर पाण्याची उभी भिंत. चित्र देखणं होतं, यात शंका नाही. मी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच असं माप लिहून ते शेजारी ठेवलं. दोन्हीचा गुणाकार 30 घनफूट, म्हणजे काठोकाठ भरलं तर सुमारे 850 लिटर. पाणी तेवढंच, पण माशाच्या वाट्याला येणारी जागा अगदी वेगळी.

पाण्यात प्राणवायू मिसळतो तो वरच्या पृष्ठभागातून. उंच टँकचा पृष्ठभाग 10 चौरस फूट, माझ्या मापाचा 15. ऑस्कर भरपूर खातो आणि तितकीच घाण करतो. ठाण्याच्या मे महिन्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. अशा माशाला दीडपट पृष्ठभाग हवाच. शिवाय तो आडवा फिरणारा मासा आहे. तळाशी दगड ढकलतो, खडी तोंडात घेऊन थुंकतो, मग लांबच लांब फेरी मारतो. वरचा तिसरा फूट त्याच्या फारसा उपयोगाचा नाही. एंजल फिशची गोष्ट निराळी. त्यांचे वरचे-खालचे पंख लांब, अंग उभं आणि चपटं, त्यांना उंची द्यायलाच हवी. म्हणून मला वाटतं, मासा कोणता ते ठरल्याशिवाय कुणी फूटपट्टी हातात घेऊ नये.

काचेचं गणित टँक बनवणाऱ्या दादांनी एका वाक्यात सांगितलं. ‘‘ताई, काच लांबीला घाबरत नाही, उंचीला घाबरते.’’ घरी येऊन मी आकडेमोड केली. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, म्हणून काचेच्या प्रत्येक फुटावर येणारं एकूण बळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दोन फुटांचे तीन फूट केले की बळ सव्वादोन पट. माझ्या सहा फुटी टँकच्या पुढच्या काचेवर येणारा रेटा सुमारे 340 किलो वजनाइतका. चित्रातला टँक लांबीला एक फूट कमी, तरी त्याच्या काचेवरचा रेटा 630 किलोच्या पुढे. दोन फूट उंचीला 12 एमएम काच आणि वरून चारी बाजूंनी काचेच्या आडव्या पट्ट्या पुरतात. तीन फुटांना काच बरीच जाड लागते, तिचं वजन वाढतं आणि किंमतही. ॲक्रिलिकचा विचारही मी केला. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय नव्या रूपात उघडलं तेव्हा तिथे ॲक्रिलिकचा बोगदा केला होता, तो डोळ्यांपुढे होता. ॲक्रिलिकचं वजन काचेच्या निम्म्याहून कमी. पण त्यावर चरे फार लवकर पडतात, आणि ऑस्कर दगड ढकलत फिरतो. म्हणून काचच घेतली.

रुंदीबद्दल एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती शाळेतल्या विज्ञानाने सांगितली. पाण्यात प्रकाश वाकतो, त्यामुळे समोरून पाहताना टँकची रुंदी खऱ्या मापाच्या पाऊणपट दिसते. दोन फूट रुंद टँक दीड फुटाचा वाटतो. तीस इंचांचा साधारण साडेबावीस इंचांचा दिसतो. म्हणजे सोफ्यावर बसणाऱ्यालाही समाधान हवं असेल तर पैसे रुंदीवर घालावेत. माशाला तर ती हवीच आहे. फूटभराच्या दोन माशांनी एकमेकांना ओलांडून जायचं आणि न थांबता वळायचं, तर तीस इंचांच्या खाली जाणं मला पटेना. अठरा इंचांत ‘सगळे ठेवतात’ हे मी कुर्ल्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानांत पुष्कळदा ऐकलं. सगळे ठेवतात हे खरंच आहे. म्हणून तर दुकानातले मोठे ऑस्कर एका जागी तरंगत उभे दिसतात.

आता वजन. पाणी दोन इंच खाली ठेवलं तरी सुमारे 780 किलो. काच 135 ते 140 किलो. लोखंडी स्टँड, खडी, दगड आणि खालच्या सम्पमधलं, म्हणजे फिल्टरच्या टाकीतलं, पाणी धरलं तर एकूण बाराशे किलोच्या आसपास. हे सगळं जेमतेम दीड चौरस मीटर जागेवर. राहत्या खोल्यांचा स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो चल भार धरून आखतात. तो भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात हे खरं, पण आपल्या अंदाजावर सोडून द्यावी अशी ही बाब नाही. सोसायटीच्या कपाटातून इमारतीचे नकाशे काढून मी ते स्ट्रक्चरल इंजिनिअरना दाखवले. ज्या भिंतीवर मला टँक हवा होता तिच्याखाली बीम नव्हता. बाल्कनीच्या बाजूच्या भिंतीखाली होता आणि दोन कॉलमांवर टेकलेला होता. त्यांनी टँक तिथे, लांब बाजू बीमला समांतर ठेवून, भिंतीला जमेल तितका चिकटवायला सांगितलं. स्टँडला चार टोकदार पाय नकोत, खाली सलग चौकट हवी, म्हणजे वजन एका बिंदूवर येणार नाही. जागा बदलल्यावर भिंत सात फुटांची उरली. मला दोन्ही बाजूंना काच पुसायला हात जाईल इतकी जागा हवी होती. म्हणून सहा फूट हे माप कायम राहिलं. मनात साडेसहा आलं होतं, ते सोडून दिलं.

मग जमिनीवर मास्किंग टेपने चौकोन आखला आणि त्याच्या कडांवर रिकामी खोकी रचली. घरातली माणसं त्याच्या बाजूने जाऊ-येऊ लागली. बाबांचा वॉकर जेवणाच्या टेबलापासून बाल्कनीपर्यंत न अडकता गेला, तेव्हा तीस इंच रुंदी घराने मान्य केली असं मी धरलं. पाइपांसाठी मागे तीन इंच सोडले होते, तेही त्या चौकोनात होते.

स्टँडची उंची बाबांच्या खुर्चीवरून ठरली. ते बसल्यावर त्यांचे डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. अठ्ठावीस इंचांचा स्टँड घेतला की टँकचा मध्य चाळीस इंचांवर येतो, त्यांना मान वर करावी लागत नाही. माझा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सव्वीस इंच. दोन इंचांची पायरी घेऊन उभी राहिले की तळाच्या खडीपर्यंत बोटं पोहोचतात. तीन फूट उंच टँक असता तर पडलेला दगड उचलायला चिमटे आणि शिडी लागली असती, आणि जे काम कठीण होतं ते हळूहळू पुढे ढकललं जातं. त्यात हाल माशाचे होतात.

सहा फुटी तयार टँक आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावरही फिरत नाही. दादा काचा सुट्या घेऊन आले. मागच्या काचेत सम्पच्या पाइपांची भोकं त्यांनी कारखान्यातच पाडून आणली होती. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती तुकडे तुकडे होते, म्हणून साधी जाड काच घेतली. हॉलमध्येच जोडणी झाली. सिलिकॉन वाळेपर्यंत घरभर व्हिनेगरचा वास होता, आईने देवघराचं दार लावून घेतलं होतं. पुरेसे दिवस वाळू दिल्यावर पाणी टप्प्याटप्प्याने भरलं. आधी पाव टँक, मग अर्धा, आणि प्रत्येक वेळी सांध्यांखाली कोरडा कागद फिरवून पाहिला. वर झाकण जड आणि कड्यांचं. ऑस्कर उडी मारतो, मला ती जोखीम नको होती.

दोघे नव्या टँकमध्ये आले तेव्हा आधी कोपऱ्यात थांबले. संध्याकाळपर्यंत मोठ्याने पूर्ण सहा फूट पार केले, टोकाला पोचला आणि वळला. थांबला नाही. बाबा म्हणाले, ‘‘अगं, हा वळला कधी ते कळलंच नाही.’’

दर रविवारी पाव पाणी बदलते, म्हणजे जवळपास दोनशे लिटर. बाल्कनीतल्या नळीतून ते खाली सोसायटीच्या नारळांना आणि जास्वंदीला जातं. उन्हाळ्यात टँकरचे दिवस आले की मी एकाच वेळी पाणी बदलत नाही, आठवड्यात दोन वेळा थोडं थोडं बदलते. त्यासाठी बाल्कनीत शंभर लिटरचं पिंप आहे. नळाचं पाणी त्यात रात्रभर हवेच्या पंपावर ठेवते, मग टँकमध्ये सोडते. पिंपासाठीही जागा मोजून ठेवली होती.