रिबेट म्हणजे नेमकं काय?

आठवीच्या गणितात 'सूट व कमिशन' हे प्रकरण आहे. त्यात रिबेट हा शब्द येतो. तुम्ही शिकवत असाल तर ठाऊक असेल, मुलं व्याख्या पाठ करतात आणि पुढे जातात. मीही तसंच शिकवत होते.

घटक चाचणीत एकाने लिहिलं, 'रिबेट म्हणजे भरलेल्या पैशांतले काही पैसे परत मिळणे.' मी चूक दिली. रिबेट हा सवलतीचा प्रकार, असं फळ्यावर लिहून दिलं होतं ना! तो पेपर घेऊन आला. "बाई, आमच्या बाबांनी ठिबकचे सगळे पैसे उसने काढून आधी भरले. मग काही महिन्यांनी थोडे खात्यात आले."

"ते अनुदान रे," असं म्हणाले खरी, पण घरी येऊन इंग्रजी शब्दकोश उघडला. तिथे अर्थ दिलेला, भरलेल्या रकमेचा काही भाग परत करणे. म्हणजे पोरगं बरोबर होतं!

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला, 'राबात्र', म्हणजे मारून खाली पाडणे. बॅटल, बॅटरी (आधी तोफांची रांग, मग विजेची) हे त्याचेच भाऊबंद. इंग्रजीत पूर्वी तलवारीची धार बोथट करण्यालाही रिबेटच म्हणत. दारासाठी चौकटीत पाडलेली खाचही रिबेटच. आणि गंमत बघा, आपणही बाजारात भाव 'पाडून' मागतो.

मग गांधी जयंतीला खादीवर मिळतं ते काय? समजा 1200 रुपयांचा सदरा, 20 टक्के रिबेट. तुम्ही 960 देता. उरलेले 240 सरकार दुकानाला भरून देतं. साध्या सवलतीत दुकानदार स्वतःचा नफा सोडतो, इथे तसं नाही. आयकरातला रिबेट आणखी वेगळा, तो काढलेल्या करातूनच वजा होतो.

खिशात 960 च असतील तर खादीचा सदरा घेता येतो. आधी 1200 भरायचे असतील तर उसने काढावे लागतात. हा फरक त्या मुलाला माझ्याआधी कळला होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा गुण वाढवला आणि वर्गात हे सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "मग खादीवाल्याला ते 240 कधी मिळतात?"

"नंतर," मी म्हटलं.

"म्हणजे आमच्या बाबांसारखंच की, बाई!"